मेथी खाखरा मायनस एफ

भाईंदर पूर्वेला, इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागच्या गल्लीत, किरीटभाई मणियार यांचा फरसाणचा कारखाना आहे. खाली गाठिया आणि चकलीच्या कढया, वर खाखऱ्याचे तवे, आणि दोन्हींच्या मध्ये पोटमाळ्यावर एक काचेची खोली. अख्ख्या कारखान्यातला एकमेव एसी त्या खोलीत. तो माणसांसाठी नव्हता, तिथल्या कॉम्प्युटरसाठी होता. मे महिन्यात कढईवरच्या माणसांना त्या कॉम्प्युटरची फार काळजी वाटायची. थोड्या थोड्या वेळाने कोणीतरी वर येऊन विचारायचं, "मॅडम, मशीन ठीक आहे ना?" आणि उत्तर मिळालं तरी घाम वाळेपर्यंत तिथेच उभं राहायचं.

मॅडम म्हणजे स्वप्नाली पाष्टे. अंधेरीला एका मोठ्या कंपनीत सर्व्हर सांभाळायची. सासरे धर्माजींच्या हृदयात स्टेंट बसवला, नवरा रोशन सुरतला कामाला, तो शनिवारी यायचा आणि रविवारी जायचा. घराजवळ कोणीतरी असायला हवं म्हणून तिने अंधेरी सोडली आणि रिक्षाच्या अंतरावरची ही नोकरी धरली. मुलाखतीत किरीटभाईंनी एकच प्रश्न विचारला होता.

"स्वप्नालीबेन, सोलारिस येतं?"

"युनिक्सच आहे ना? येईल."

"येईल नाय, आलं पाहिजे. ज्याने हे बसवलं तो माझा मेव्हणा आता न्यू जर्सीत आहे आणि माझा नंबर बघून फोन उचलत नाय."

या मेव्हण्याने अठ्ठावीस-एक वर्षांपूर्वी, इथे असताना, पाकिटांवरची लेबलं छापायचा प्रोग्रॅम लिहिला होता. त्या प्रोग्रॅमची मूळ प्रत कोणाकडेच नव्हती. मधल्या काळात मशीन दोनदा बदललं, प्रोग्रॅम मात्र तोच. सोलारिस म्हणजे ते मशीन चालवणारी, युनिक्सच्या घराण्यातली जुनी सिस्टीम. तिचा हा एक मोठा गुण: आपल्या जुन्या माणसांना ती कधी घराबाहेर काढत नाही. तेव्हा चालायचं ते आजही चालतं, फक्त त्याच्या सवयी सांभाळायच्या.

त्या प्रोग्रॅमची एक सवय अशी होती की लेबलवर आधी पदार्थाचं नाव छापायचं आणि त्याच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरात, मशीनचं नाव. त्या काळी किरीटभाई तीन कारखाने काढणार होते, प्रत्येक ठिकाणी एक मशीन बसणार होतं आणि कुठला माल कुठून निघाला ते नावावरून कळणार होतं. दुसरा आणि तिसरा कारखाना काही निघाला नाही. पण पहिलं मशीन आलं त्याच महिन्यात किरीटभाईंना मुलगी झाली होती, म्हणून त्याचं नाव ठेवलं मिनल. तेव्हापासून वसईपर्यंतच्या दुकानांत पाकिटं जात होती ती "मेथी खाखरा मिनल", "भावनगरी गाठिया मिनल" अशी. गिऱ्हाइकांना वाटायचं, मिनल हा बनवण्याचा एखादा प्रकार असेल. "मिनल नको, साधा द्या," असं सांगणारेही काही होते. दुकानदार तेच पाकीट उलटं धरून द्यायचे.

स्वप्नालीला या मशीनशी जमवून घ्यायला वेळ लागला. तिचे हात लिनक्सला, म्हणजे युनिक्सच्या धाकट्या भावंडाला सोकावलेले, आणि लिनक्सवरच्या रोजच्या बहुतेक कमांड्स म्हणजे ग्नू नावाच्या प्रकल्पाची फुकट मिळणारी टूल्स. ती टूल्स बोलकी. एका कामाच्या दहा तऱ्हा देतात, चुकलं तर काय चुकलं ते सांगतात. सोलारिसवर त्याच नावाच्या कमांड्स होत्या, पण जुन्या वळणाच्या, तोलूनमापून बोलणाऱ्या. पहिले काही दिवस तिला आपल्याच स्वयंपाकघरात कोणीतरी सगळे डबे हलवून ठेवल्यासारखं झालं. शेवटी तिने ग्नूची टूल्स आणून एका वेगळ्या फोल्डरमध्ये बसवली आणि मशीनला सांगितलं, कोणीही काहीही मागितलं तर आधी या नव्या फोल्डरमध्ये बघायचं, तिथे नसेल तरच जुन्याकडे जायचं.

तासाभरात लेबल विभागातली निशिगंधा जिना चढून वर आली. हातात चकलीची दहा-बारा पाकिटं.

"मॅडम, चकलीत डिरेक्टरी कधीपासून घालतो आपण?"

"काय घालतो?"

निशिगंधाने पाकीट पुढे केलं. जिथे तांदळाचं पीठ, तेल, तीळ, मीठ असं छापायचं, तिथे इंग्रजीत छापलं होतं: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.

झालं होतं असं, की मेव्हण्याच्या प्रोग्रॅमने जुन्या पद्धतीने एका कमांडला सांगितलं, दुसऱ्या ओळीपासून पुढचं दे. नव्या ग्नूवाल्या कमांडला ती जुनी बोली कळली नाही. तिला वाटलं, हे कुठल्यातरी फाइलचं नाव आहे. तिने फाइल शोधली, सापडली नाही, आणि तसं स्वच्छ इंग्रजीत कळवलं. मेव्हण्याच्या प्रोग्रॅमने जे आलं ते छापलं.

स्वप्नालीने कान धरले. मशीनवर मालकाच्या हक्काचं जे लॉगिन असतं, ज्याला रूट म्हणतात, त्याच्यावरच तो प्रोग्रॅम चालायचा. तिथे तिने सगळं पूर्वीसारखं केलं: आधी जुनं, मग नवं. फक्त स्वतःच्या लॉगिनला ग्नू पहिला ठेवला. म्हणजे मशीन एकच, पण तिने विचारलं तर नवे नोकर धावणार आणि मेव्हण्याने विचारलं तर जुने. सगळं सुरळीत झालं. लक्षात ठेवायचं एवढंच, की आत्ता आपण कोण म्हणून बसलोय.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी ते तिच्या लक्षात राहिलं नाही.

बॅकअपसाठी एक नवीन टूल बसवायचं होतं, म्हणून ती रूट होऊन बसली होती. मधेच तिला मशीनचं पूर्ण नाव हवं झालं. गेली बारा वर्षं असं नाव हवं झालं की तिची बोटं जे टाइप करायची तेच त्यांनी केलं: होस्टनेम, डॅश, एफ. लिनक्सवर याचा अर्थ, बाबा रे, तुझं संपूर्ण नाव सांग. सोलारिसच्या जुन्या होस्टनेमला असलं काही माहीत नव्हतं. त्याच्या मते गोष्ट सरळ होती. नुसतं होस्टनेम म्हटलं तर नाव विचारताय, आणि पुढे काही लिहिलं तर नवीन नाव ठेवताय.

मशीनने नवीन नाव ठेवून घेतलं आणि चकार शब्द काढला नाही. जुन्या युनिक्सची रीतच ती. काम झालं की गप्प बसायचं, आणि कुठलं काम झालं हेही सांगायचं नाही. स्वप्नालीला वाटलं, पूर्ण नाव कुठे नोंदवलेलंच नसेल. ती खाली चहाला गेली.

त्या क्षणापासून मिनलचं नाव -f झालं, आणि लेबलावर "मेथी खाखरा -f" छापलं जाऊ लागलं. निशिगंधा वजन बघायची, तारीख बघायची, घटकपदार्थ तर त्या डिरेक्टरीपासून दोनदा बघायची. नावाकडे कशाला बघेल? नाव काय बदलतं का कधी!

आठवडा संपता संपता किरीटभाई स्वतः पोटमाळ्यावर आले. त्यांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे ते वर आले म्हणजे काहीतरी मोठं असणार.

"स्वप्नालीबेन, हा मायनस एफ काय आहे?"

"कसला मायनस एफ?"

"वसईवाल्याचा फोन. बोलतो, किरीटभाई, मायनस एफवाला सगळा माल उचलला लोकांनी, अजून पाठवा. मी बोललो, पाठवतो. मीरा रोडवाला पण तेच बोलला, त्याला पण पाठवतो बोललो. आता मला सांगा, मी काय पाठवतोय?"

त्यांनी खिशातून गाठियाचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. स्वप्नालीने ते वाचलं. तिने मशीनला नाव विचारलं. मशीनने सांगितलं: -f.

"माझ्या हातून झालं हे," ती म्हणाली. "मी नाव विचारायला गेले आणि याने तेच नाव लावून घेतलं. आत्ता बदलते. एक सेकंदाचं काम आहे."

"थांबा."

"का?"

किरीटभाई खुर्चीत बसले. दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. "लोकांना काय वाटतंय माहीत आहे? मायनस एफ म्हणजे मायनस फॅट. बिनचरबीचं. दिवाळीत सगळ्यांनी खाल्लंय, आता सगळ्या बिल्डिंगी डाएटवर आहेत. पण चार वाजता चहाबरोबर तोंडात काहीतरी पाहिजे ना? त्यांना हे मिळालं."

"पण किरीटभाई, आपल्या गाठियात तेल आहे! खाली पिंपं उभी आहेत तेलाची!"

"मग? आपण लिहिलंय का फॅट नाय म्हणून? आपण लिहिलंय एफ. एफ म्हणजे काय पण होतं. फ्रायडे होतं. फरसाण होतं."

"मायनस फरसाण? मग पाकिटात काय आहे?"

किरीटभाईंनी यावर थोडा विचार केला आणि तो विचार सोडून दिला. "मी खोटं बोललो नाय. तुम्ही पण बोलला नाय. मशीन बोललं. राहू द्या थोडे दिवस."

आणि ते जिन्याला धरून धरून खाली उतरले.

किरीटभाई वाईट माणूस नव्हते. संध्याकाळी कढया बंद झाल्यावर उरलेला माल ते कामगारांच्या घरी पाठवायचे, कोणाच्या आईचं ऑपरेशन असलं तर स्वतः जाऊन बसायचे. पण त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच माल संपत होता आणि लोक मागत होते, आणि ते सुख त्यांना सोडवत नव्हतं. लेबलवर असला दावा चालत नाही, कोणी तपासायला आलं तर काय सांगणार, हे स्वप्नालीने दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगून पाहिलं. किरीटभाईंनी तिला गरम जलेबी दिली.

तिकडे मशीनवर वेगळाच गोंधळ. युनिक्समध्ये डॅशने सुरू होणारी गोष्ट म्हणजे कमांडला दिलेली सूचना. आता मशीनचं नावच डॅशने सुरू होत होतं. मशीनच्या नावाने फोल्डर बनव म्हटलं की कमांड विचारायची, ही कसली सूचना? बॅकअपच्या स्क्रिप्टने त्या नावाची एक फाइल कशीबशी करून ठेवली, तर ती पुसता येईना. पूस म्हटलं की कमांडला वाटायचं, न विचारता पूस असं सांगतायत, आणि काय पुसायचं ते सांगितलंच नाही. मग ती काहीच न पुसता, काहीच न बोलता निघून जायची. शेवटी स्वप्नालीने स्वतःच्या लॉगिनवर येऊन, ग्नूला मध्ये घालून, दोन डॅश टाकून सांगितलं की यापुढचं जे आहे ते नाव समजायचं, हुकूम नव्हे. तेव्हा कुठे ती फाइल गेली. रात्रीच्या बॅकअपला पुन्हा तसलीच दुसरी झाली.

गुरुवारी दुपारी एक मुलगी खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. फिजिओथेरपिस्टचा पांढरा कोट, खांद्याला पर्स, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"स्वप्नालीताई तुम्हीच ना? मी मिनल."

"कोण मिनल?" स्वप्नालीच्या तोंडून निघून गेलं. गेल्या आठ महिन्यांत मिनल म्हणजे तिला मशीनच माहीत होतं.

"खाखरावाली," मुलगी म्हणाली आणि पेढे पुढे केले. "घ्या. माझ्याकडून. शाळेत मला मेथी खाखरा म्हणायचे. कॉलेजात भावनगरी. मीरा रोडला माझं क्लिनिक आहे, तिथे पेशंट पडल्या पडल्या विचारतात, डॉक्टर, तुमचं नाव कुठेतरी वाचलंय. किती वर्षं पप्पांच्या मागे लागले होते, काढा म्हणून. ते म्हणायचे, मशीनला हात लावला तर बंद पडेल. आणि तुम्ही एका दिवसात काढलंत!"

"मी काढलं नाही, ते निघालं."

"काही असो. पण परत लावू नका. प्लीज."

"मिनल, पण ते -f म्हणजे लोकांना वाटतंय..."

"ते चूकच आहे," मिनल म्हणाली. "ते बदलाच. पण माझं नाव नाही. शपथ आहे तुम्हाला."

ती गेली. स्वप्नालीने एक पेढा तोंडात टाकला आणि मशीनकडे बघत बसली. बाप म्हणतो हेच नाव ठेवा, मुलगी म्हणते जुनं लावू नका, आणि मशीनला नाव नसून चालत नाही.

संध्याकाळी ती घरी आली. घर भाईंदर पश्चिमेला, राई गावाच्या रस्त्यावरच्या नव्या बिल्डिंगमध्ये. खाली बाकावर धर्माजी आणि त्यांची मित्रमंडळी बसलेली असायची, तशी बसलेली होती. फक्त आज बाकाच्या मधोमध एक मोठं पाकीट फाडून पसरलेलं होतं, आणि सगळे ज्येष्ठ नागरिक त्यावर वाकले होते.

"ये गो, ये!" धर्माजींनी तिला लांबूनच हाक मारली. "ह्यांना मगापासून तेच सांगतोय. माझ्या सुनेच्या कंपनीचा माल. बिनतेलाचा गाठिया! आमच्या रत्नागिरीत सांगितलं तर कोण विश्वास ठेवील?"

"अण्णा! तुम्ही गाठिया खाताय?"

"बिनतेलाचा."

"अण्णा, त्यात तेल आहे."

बाकावरचे हात जागच्या जागी थांबले. धर्माजींनी पाकीट उचललं, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

"ते मशीनचं नाव आहे."

"मशीनचं नाव मायनस फॅट?"

"मायनस फॅट नाही हो, डॅश एफ. मी नाव विचारलं आणि त्याला वाटलं मी नाव ठेवतेय."

धर्माजींनी मित्रांकडे बघितलं. मित्रांनी धर्माजींकडे बघितलं. "तुला डॉक्टरने सांगितलंय ना असं बोलायला?" ते दुखावल्या आवाजात म्हणाले. "ते ऑपरेशन झाल्यापासून माझ्या ताटात काय पडतं? उकडलेला दुधी. वाफवलेली गाजरं. एक वस्तू मिळाली, छापून आलेली, तर तीपण तुला बघवत न्हाय."

"अण्णा, किती खाल्लंत?"

"हे तिसरं पाकीट," बाकावरचे एक आजोबा प्रामाणिकपणे म्हणाले.

स्वप्नालीच्या डोळ्यांसमोर हॉस्पिटलचा तो कॉरिडॉर आला, निळ्या खुर्च्या आल्या, खुर्चीत झोपलेला रोशन आला. आणि हे लेबल तिच्या बोटांनी छापलं होतं. तिने पाकीट गुंडाळलं. कोणाच्याही चेहऱ्याकडे बघितलं नाही.

"माझ्यावर विश्वास नाही ना? ठीक आहे. उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

"येतो की!" धर्माजी म्हणाले. "घाबरतो काय?"

सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. जणू कारखान्याचं उद्घाटन होतं. रिक्षात ते तिच्याकडे पाठ करून बाहेर बघत बसले. कारखान्याच्या दारात मात्र त्यांचं नाक हललं. खाली गाठियाच्या कढईत पहिला घाणा पडला होता. झाऱ्यातून पिवळ्या काड्या सळसळत तेलात उतरत होत्या, आणि बाजूला दोन माणसं नवीन डबा उचलून कढईत ओतत होती. तेलाची धार जाड, सोनेरी, न संपणारी. धर्माजी ती शेवटपर्यंत बघत राहिले.

"हे दुसऱ्या कुठल्यातरी मालाचं असेल," ते हळूच म्हणाले.

किरीटभाई त्यांना बघून लगबगीने आले. स्वप्नालीचे सासरे म्हटल्यावर दोन्ही हात जोडले, खुर्ची मागवली, चहा मागवला. धर्माजी बसले नाहीत. त्यांनी खिशातून कालचं घडी केलेलं पाकीट काढलं.

"मालक, एक विचारायचंय. माझ्या हृदयात ही एवढी जाळी बसवलीय. डॉक्टर म्हणतात, तळलेलं खायचं न्हाय. सूनबाई म्हणते यात तेल आहे, पाकीट म्हणतं न्हाय. तुम्ही बनवता. तुम्ही सांगाल ते मी खरं मानीन."

किरीटभाईंनी स्वप्नालीकडे बघितलं. कढईवरचा माणूस झारा हातात धरून थांबला. जिन्यावर निशिगंधा उभी होती, तीही थांबली.

"काका, असं आहे," किरीटभाईंनी सुरुवात केली. "एफ म्हणजे..."

"हां, एफ म्हणजे?"

किरीटभाईंच्या ओठांवर फ्रायडे आला असावा. पण समोर सत्तरीचा माणूस, हातात पाकीट, आणि चेहऱ्यावर शाळेत निकाल ऐकायला उभ्या असलेल्या पोरासारखी आशा. हजार माणसांना दुकानात काय वाटतं याची जबाबदारी किरीटभाईंनी मशीनवर टाकली होती. या एका माणसासमोर मशीन नव्हतं.

"आहे, काका," ते शेवटी म्हणाले. "तेल आहे. भरपूर आहे. तेलाशिवाय गाठिया होतच नाय. हे नाव चुकून छापलंय, आणि मला कळलं तरी मी बदलू दिलं नाय. स्वप्नालीबेन रोज सांगत होत्या."

धर्माजी आता खुर्चीवर बसले.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच एवढं चांगलं लागत होतं."

आणि ते हसले. किरीटभाई आधी बघत राहिले, मग त्यांनाही हसू फुटलं, आणि मग कढईवरच्या माणसालाही. स्वप्नाली हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिला कोणाला दाखवायचं नव्हतं, म्हणून ती सरळ जिना चढून वर गेली.

सगळे तिच्या मागोमाग वर आले. काचेच्या खोलीत एवढी माणसं एकदम कधीच जमली नव्हती.

"बदला," किरीटभाई म्हणाले. "मिनल करा परत."

"मिनल नको म्हणते. येऊन सांगून गेली."

किरीटभाईंनी तिथूनच मिनलला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मिनल काय म्हणाली ते वरच्या तव्यांपर्यंत गेलं. मग त्यांनी बायकोचं नाव सुचवलं. मिनल म्हणाली, मम्मीला विचारलंत का? मम्मीला विचारलं. मम्मी म्हणाली, माझं नाव तेलाच्या पाकिटावर आलं तर मी माहेरी जाईन.

"नाव न ठेवताच चालवता येत नाय?" किरीटभाईंनी विचारलं.

"मशीनला नाव लागतंच," स्वप्नाली म्हणाली.

"तेलकट ठेवा," धर्माजी म्हणाले. "मेथी खाखरा तेलकट. म्हणजे माझ्यासारखा कोणी फसायचा न्हाय."

"काका, खाखरा तर भाजतात!"

"मग गावाचं नाव घाला. भाईंदर. गावाला कोण हरकत घेतोय?"

सगळ्यांना ते पटलं, कारण दुसरं कोणाला काही सुचत नव्हतं. स्वप्नाली खुर्चीत बसली. होस्टनेम लिहिलं, पुढे भाईंदर लिहिलं, आणि एन्टरवर बोट नेण्याआधी प्रत्येक अक्षर ओठ हलवून वाचलं. मशीन नेहमीसारखं काहीच बोललं नाही. तिने पुन्हा विचारलं, या वेळी पुढे काहीही न लिहिता. उत्तर आलं: भाईंदर. जे नाव मशीन बंद होऊन सुरू झालं तरी टिकायला हवं, ते ज्या फाइलमध्ये असतं तिथेही तिने ते बदललं. मग रूटसाठी एक लहानशी स्क्रिप्ट लिहिली: होस्टनेमच्या पुढे कोणी काही लिहिलं तर आधी विचारायचं, नक्की नाव बदलायचंय का? जुन्या मशीनला तिने एवढं एक बोलायला शिकवलं.

बाहेर गेलेला माल परत आणायला किरीटभाईंनी टेम्पो पाठवला आणि दुकानदारांना स्वतः फोन केले. मीरा रोडवाल्याने निमूटपणे खोके परत दिले. वसईवाला मात्र ऐकेना. "किरीटभाई, कॉम्पिटिशनला कळू नये म्हणून असं बोलताय ना? समजलो मी. मायनस एफ बंद, भाईंदर चालू. पण हा भाईंदर म्हणजे काय, बिनमिठाचा का?" त्याला समजवता समजवता किरीटभाईंचा चहा दोनदा गार झाला. टेम्पोवाल्याने शेवटी त्याच्या दुकानातून खोके उचलून आणले, पण वसईवाल्याने दोन खोके आधीच घरी लपवले होते, आणि ते त्याच्या बायकोने संपवले, असं नंतर कळलं.

धर्माजींच्या रक्ताची तपासणी केली. डॉक्टरांनी आकड्यांकडे बघून भुवया उचलल्या, पण घाबरण्यासारखं काही नव्हतं. महिनाभर दुधी वाढवला. धर्माजींनी कुरकुर केली नाही, हे पाहून स्वप्नालीला उलट काळजी वाटली. पण त्यांचं मन दुसरीकडे होतं. किरीटभाई आता आठवड्यातून एकदा त्यांना फोन करायचे. त्या दिवसापासून किरीटभाईंच्या डोक्यात एक किडा शिरला होता: खरोखर बिनतेलाचा गाठिया करून बघायचा. ओव्हन आणला, बेसन बदलून पाहिलं, दही घालून पाहिलं, ओवा वाढवला. आणि चव बघायला बाहेरचा, निःपक्षपाती माणूस हवा म्हणून एका शनिवारी धर्माजींना गाडी पाठवून बोलावलं. रोशनही बरोबर होता.

मोठ्या स्टीलच्या थाळीत भाजलेला गाठिया आला. रंग पिवळा, आकार बरोबर, वास जवळपास तसाच. किरीटभाई हात जोडून समोर उभे. कढईवरची माणसं, निशिगंधा, मिनल, सगळे थाळीभोवती. धर्माजींनी एक काडी उचलली, उजेडात धरून बघितली आणि तोंडात टाकली. चावली. आणखी चावली. बराच वेळ चावली. मधे एकदा थांबले, डोळे मिटले, परत चावू लागले. शेवटी कष्टाने एक आवंढा गिळला.

"किरीटभाई," ते म्हणाले, "माणूस तुम्ही फार चांगले आहात."

आणि त्यांनी पाणी मागितलं.